कसबा की पेशवाई? पुण्यात पायी फिरायला एकच सकाळ असेल तर

बहुतेक जण शनिवारवाड्यापाशी उतरतात आणि तिथून दक्षिणेला चालू लागतात. रस्ता छान आहे, पण तो पुण्याच्या जन्माचा नव्हे. शनिवारवाड्याचा पाया १७३० मधला. राष्ट्रकूटांच्या ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत मात्र 'पुण्यविषय', 'पूनकविषय' अशी नावं आहेत (विषय म्हणजे तेव्हाचा प्रांत), आणि त्या जुन्या वस्तीचा गाभा म्हणजे मुठा नदी आणि नागझरी ओढा यांच्या बेचक्यातला कसबा. म्हणून वाटा दोन.

पेशवाईची वाट: शनिवारवाडा, नानावाडा, बेलबाग, तुळशीबाग, विश्रामबागवाडा आणि शेवटी मंडई. चाल दीडेक किलोमीटर, शनिवारवाडा आतून बघणं धरून दोन-अडीच तास. वाट चुकायची भीती नाही, खायची-प्यायची सोय पावलोपावली. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर हीच घ्या. अपेक्षा मात्र बेताची ठेवा: १८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्यात तट, दरवाजे आणि जोतीच उरली आहेत. महाल बघायला आलेला माणूस इथे हमखास हिरमुसतो. त्याच्यासाठी विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग आहे. तुळशीबाग सकाळीच उरका, संध्याकाळी तिथे धक्के खाण्यापलीकडे काही होत नाही.

कसब्याची वाट: इथे सगळं वेळेवर अवलंबून आहे. सुरुवात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून करा, साडेआठच्या सुमारास. देऊळ पूर्वाभिमुख आहे, काळ्या दगडावरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतं. दुपारनंतर तो भाग सावलीत जातो. बांधकाम १७५४ मध्ये सुरू झालं. दर्शनी भिंतीवर साखळदंडाने गेंडा बांधणारे गोरे शिपाई शोधा. मूर्ती तीन सोंडांची, सहा हातांची आणि मोरावर बसलेली.

तिथून नागझरी ओलांडली की कसबा. मग कसबा गणपती, म्हणजे ग्रामदैवत आणि मानाचा पहिला. पुढे लालमहाल. इथे गफलत होते: आजची इमारत महापालिकेने १९८८ मध्ये पूर्ण केलेली आहे. शाहिस्तेखानावरचा १६६३ चा छापा याच जागेशी जोडलेला असला, तरी या भिंतींनी तो पाहिलेला नाही. दहा मिनिटं पुरेत.

वाचलेला वेळ तांबट आळीला, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीला द्या, पण दहाच्या आत जाऊ नका. दारं बंद असतील तर ती एक साधी गल्लीच. काम सुरू असलं की आवाजावरूनच सापडते. हातोड्याचे ठोके एकाला एक लागून पत्र्यावर उमटवतात, ते मठारकाम. ते नुसतं शोभेचं नाही, ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांडं सहजी चेपत नाही. घ्यायचं असेल तर उजेडात तिरपं धरून बघा: हाताचे ठोके किंचित पुढे-मागे असतात, साच्यातले सगळे अगदी सारखे. पाण्याच्या तांब्याला कल्हई लागत नाही, पण आमटी-कढीसारखं आंबट ठेवायचं तर कल्हईशिवाय नको. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि हातोडा चालू असताना तर नकोच.

शेवट फडके हौदाजवळ, कसबा पेठ मेट्रो स्थानकावर. थोडं उलट फिरावं लागतं, एकूण अडीच किलोमीटर धरा.

अडचणी? पदपथ जवळजवळ नाहीत आणि दुचाकी बोळातूनही अंगावर येतात. मोबाईलचा नकाशा कधीकधी एखाद्या वाड्याच्या चौकात नेऊन सोडतो, तेव्हा पेठेचं नाही, आळीचं नाव घेऊन विचारा. पादत्राणं झटकन निघतील अशी घाला. गणेशोत्सवात दोन्ही वाटांचा नाद सोडा. तेव्हा गर्दी नेईल तिकडे जायचं.

पहिल्यांदाच पुण्यात येत असाल आणि पावसाळा असेल, तर पेशवाई. शनिवारवाडा एकदा बघून झाला असेल, तर विचार करायचं कारणच नाही: कसबा. दोन्ही एका दिवसात करायच्या तर आधी कसबा, जेवण, मग मेट्रोने एकच स्थानक पुढे मंडई, आणि पेशवाईची वाट उलट दिशेने. शनिवारवाड्यात तिकीट लागतं आणि तो संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे मंडईतून दोनपर्यंत तरी निघा.