थंड इंजिन सुरू होईना: आधी बॅटरी पाहावी की डिझेल लाइन?
सोलापूरच्या जुन्या पुणे नाक्याजवळ रात्रभर उभा राहिलेला जुना ट्रक डिसेंबरच्या पहाटे सुरू झाला नाही, की पुष्कळ जण थेट डिझेल लाइनची (टाकीतून इंजिनाकडे डिझेल नेणाऱ्या नळ्यांची) एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढायला घेतात. माझ्या मते आधी बॅटरी तपासावी. सेल्फ मारताना २४ व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज १८च्या खाली उतरत असेल, तर इंजिन संथ फिरते, दाबलेली हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल पोहोचूनही न पेटता पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. टर्मिनलवरचा हिरवट थर आणि सैल अर्थिंग (बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली वायर) तर नुसत्या नजरेलाही दिसते. इंजिन जोमाने फिरूनही धूर अजिबात नसेल, तरच डिझेल लाइनकडे वळावे: डिझेल फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) सैल करून डिझेल ओढणारा हातपंप मारताना बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकीकडून येणाऱ्या नळीत कुठेतरी हवा शिरते आहे.