संभाव्यतेची पेटी: पुस्तिका चांगली, फासा लबाड

दहावीच्या गणित भाग १ मधल्या 'संभाव्यता' प्रकरणासाठी ही पेटी सोलापुरात नवी पेठेतल्या शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानात ३५० रुपयांना मिळते. आत दोन फासे, प्लास्टिकची चार नाणी, पत्त्यांचा एक कॅट, कापडी पिशवीत १२ गोट्या, पुठ्ठ्याची फिरकी आणि २४ पानांची मराठी पुस्तिका.

आधी पुस्तिकेबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. प्रत्येक संज्ञा हातातल्या वस्तूवरूनच सांगितली आहे. फासा टाकणं हा यादृच्छिक प्रयोग: काय काय पडू शकतं ते सगळं आधीच माहीत, नेमकं काय पडेल ते कुणालाच नाही. पडलेला आकडा ही निष्पत्ती. सगळ्या निष्पत्तींचा संच, १ ते ६, हा नमुना अवकाश. 'सम संख्या पडणे' ही घटना, म्हणजे त्यातलाच २, ४, ६ हा उपसंच. मग संभाव्यता ६ पैकी ३, म्हणजे १/२. '७ पडणे' ही अशक्य घटना, संभाव्यता ०. '७ पेक्षा लहान पडणे' निश्चित, संभाव्यता १. उत्तर १ च्या वर किंवा शून्याच्या खाली गेलं तर गणित पुन्हा तपासा, ही सूचना चौकटीत छापली आहे. पोरं पेपरात ५/४ लिहून बिनधास्त पुढे जातात, त्यामुळे ती चौकट हवीच होती.

सगळ्यात चांगलं पान टॉवेलचं. गठ्ठ्यात १० टॉवेल, त्यांतले २ डागी; न बघता दोन काढायचे. पहिला परत ठेवून दुसरा काढला तर दोन्ही चांगले निघण्याची संभाव्यता ८/१० गुणिले ८/१०, म्हणजे ०.६४. परत न ठेवता काढला तर ८/१० गुणिले ७/९, म्हणजे साधारण ०.६२२. पहिला चांगला निघाला की मागे ९ उरतात आणि त्यांतले चांगले ७, हे चादरी-टॉवेलच्या गावातल्या मुलाला वेगळं समजवावं लागत नाही.

चूक आहे पान ९ वर, आणि ती लहान नाही. दोन नाणी फेकल्यावर 'दोन छापे, एक छापा, एकही नाही' अशा तीन निष्पत्ती धरून प्रत्येकीला १/३ दिलं आहे. निष्पत्ती चार आहेत: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. 'एक छापा' यातल्या दोघींत येतो, म्हणून १/२. पटत नसेल तर एक रुपयाचं आणि एक पाचचं नाणं घ्या. दोन्ही वेगळी दिसली की मधल्या दोन निष्पत्तीही वेगळ्या दिसतात. १०० वेळा फेकून नोंदलं तर 'एक छापा' पन्नासच्या आसपास येतो, तेहतिसाच्या नाही. पुस्तिका लिहिणाऱ्याला सोबत मोठी आहे म्हणा: दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता ३/४ ऐवजी २/३ सांगितली होती. गंमत म्हणजे पान १३ वर दोन फाशांचा ३६ घरांचा तक्ता बिनचूक आहे, बेरीज ७ सहा प्रकारे आणि १२ एकाच प्रकारे.

पान १७ वर 'परस्पर अपवर्जी' आणि 'स्वतंत्र' या घटना एकाच ओळीत कोंबल्या आहेत. तिथे पत्त्यांवरून स्वतः समजवा. बदाम आणि इस्पिक परस्पर अपवर्जी: एकाच पत्त्यात दोन्ही येऊ शकत नाहीत. राजा आणि बदाम स्वतंत्र: ४/५२ गुणिले १३/५२ बरोबर १/५२, आणि बदाम राजा एकच असतो. पत्ता बदामाचा आहे हे कळलं तर तो इस्पिकचा नाही हेही कळतं, म्हणून पहिली जोडी स्वतंत्र नाही. बदाम कळल्याने राजाची शक्यता मात्र १/१३ च राहते.

आता वस्तू. 'अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती' हे सूत्र उभं राहतं ते 'समसंभाव्य' (प्रत्येक निष्पत्तीची शक्यता सारखी) या एका शब्दावर, आणि पेटीतल्या वस्तू घसरतात त्या नेमक्या तिथेच.

लाल फासा व्हर्नियरने (मिमीच्या अंशापर्यंत मोजणाऱ्या मापकाने) तिन्ही बाजूंनी १५.९ मिमी भरला. पांढरा दोन बाजूंनी १५.९, पण १ आणि ६ या समोरासमोरच्या पृष्ठांमध्ये फक्त १५.४. चपट्या विटेसारखा तो रुंद पृष्ठावर बसतो, म्हणून १ आणि ६ जास्त पडतात. पांढरा ६०० वेळा टाकल्यावर १ ते ६ हे आकडे अनुक्रमे १२४, ८८, ८५, ८६, ८९, १२८ वेळा आले. अपेक्षा प्रत्येकी १००. चढउतार असणारच, ८२ ते ११८ पर्यंत कुणी संशय घेऊ नये. पण काय-वर्ग (आलेले आकडे अपेक्षेपासून एकूण किती दूर आहेत याचं माप) काढला तर २०.४६ येतो, आणि पाच टक्के पातळीची मर्यादा ११.०७ आहे, म्हणजे चांगला फासा शंभरात पाचच वेळा तिच्यावर जातो. टाकताना स्टीलच्या पेल्यात हलवून लाकडी पाटावर टाका. आवाज नको म्हणून घडी केलेल्या चादरीवर टाकला तर फासा न उसळता रुततो आणि हाताची सवय आकड्यात उतरते.

गोट्या ५ तांबड्या, ४ निळ्या, ३ हिरव्या. हिरव्या अंमळ मोठ्या आहेत, पिशवीत हात घातला की बोटांना कळतं. मग ३/१२ ला अर्थ काय राहिला? त्यापेक्षा युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडून एकाच मापाची तीन रंगांची बटणं आणा. सोलापुरात ती मिळायला अडचण नाही.

पत्त्यांत दोन जोकर आणि एक जाहिरातीचं पान आहे. ते बाजूला काढले नाहीत तर एकूण ५५ होतात आणि पुस्तिकेतलं पत्त्यांचं एकही उत्तर जुळत नाही. फिरकी टेबल सपाट असेल तरच वापरावी, नाहीतर काटा उताराच्या बाजूला जाऊन थांबतो. प्लास्टिकची नाणी हलकी आहेत, फेकली की टेबलाखाली; खरी वापरा.

शिक्षकांनी तो पांढरा फासा राखूनच ठेवावा. लाल फाशाने सूत्र शिकवून झालं की पांढरा देऊन ६०० वेळा टाकायला लावा, वर्गात ३० मुलं असली तर प्रत्येकी २०. सूत्राने काढलेली आणि प्रयोगातून आलेली संभाव्यता केव्हा जुळत नाही, हे त्याच तासाला दिसतं. घरी एकाच मुलासाठी घेणार असाल तर मात्र दुकानातच फासे तपासून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून वर स्टीलची पट्टी टेकवा, दोन्ही फासे आळीपाळीने तिन्ही बाजूंनी फिरवून पाहा आणि कुठल्याही बाजूला पट्टीखालून उजेड दिसला तर दुसरी पेटी मागा.