‘लाइट’ सिगारेट की धूम्रपानाचा पूर्ण त्याग?

धूम्रपानाच्या धोक्याने धास्तावलेल्या माणसाला ‘लाइट’ सिगारेटकडे वळता येते किंवा धूम्रपान कायमचे सोडता येते. अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी पहिला मार्ग दुसऱ्याला पर्याय म्हणून विकला, आणि माझ्या मते हीच त्यांची सर्वांत घातक फसवणूक होय. लाइट सिगारेटच्या फिल्टरभोवती बारीक छिद्रे असतात. त्यांतून शिरणाऱ्या हवेमुळे चाचणीच्या यंत्रात टार (धुरातील चिकट, विषारी अंश) कमी नोंदले जाते, परंतु निकोटीनची सवय जडलेला माणूस ती छिद्रे नकळत बोटांनी किंवा ओठांनी झाकतो, अधिक खोल झुरके घेतो, आणि त्याच्या फुप्फुसांत जवळपास तेवढेच विष जाते. कंपन्यांना हे ठाऊक होते, असा निष्कर्ष संघीय न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ मध्ये नोंदवला. २०१० पासून तिथे पाकिटावर ‘लाइट’ असे छापण्यास बंदी आहे.

धूम्रपान सोडणे कठीण आहे, कारण निकोटीन व्यसन लावते. १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर शपथेवर नेमके हेच नाकारले होते. तरीही सोडल्यावर सुमारे वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, आणि दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोकाही जवळपास निम्मा होतो. लाइट सिगारेटकडे वळणाऱ्यांच्या आरोग्याला असा लाभ झाल्याचे आढळलेले नाही.