खोक्यातल्या पाच काचवस्तू आणि वर्णनातलं प्रत्येक वाक्य खरं

या व्यवहारात विक्रेत्याने खोटं असं काहीच लिहिलं नव्हतं, आणि खरी गोम तिथेच आहे. एका खोक्यात पाच नग होते. वर्णन असं: जांभळी औषधाची बाटली, मँगनीजची काच. हिरवट ताटली, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकते. फुंकलेला पेला, तळाला पाँटिलचा (घडवताना धरायच्या सळईचा) व्रण, टिचकी मारल्यावर नाद येतो. अंबर रंगाची बशी, ‘मद्रिद’ नक्षी. डिकँटर (मद्य ओतून ठेवायची सुरई), बुचासह. ‘जुनी’, ‘दुर्मीळ’, ‘एकोणिसाव्या शतकातली’ यांतला एकही शब्द कुठे नाही. ते शब्द घेणाऱ्याने मनातल्या मनात भरले आणि पैसेही त्या शब्दांचेच मोजले. तक्रार गेली तेव्हा उत्तर आलं, ‘वर्णनात चूक काय आहे ते दाखवा.’ दाखवता येण्यासारखं काही नव्हतं.

पाचांपैकी बाटली खरोखर जुनी निघाली. साच्याची शिवण अंगावरून वर चढते आणि तोंडाच्या खाली पुसट होत संपते. तोंड हत्याराने वेगळं घडवलं की असं होतं. स्वयंचलित यंत्राच्या बाटलीत शिवण थेट ओठावरून पलीकडे जाते, आणि ती यंत्रं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. गडबड होती रंगात. वाळूतल्या लोखंडामुळे काच हिरवट होते. ती छटा मारण्यासाठी पूर्वी मँगनीज डायऑक्साइड घालत. अशी पांढरी, म्हणजे रंगहीन, काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की फिकट जांभळी होते, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण ही बाटली वांग्याच्या सालीसारखी गडद होती, आणि वरपासून खालपर्यंत एकसारखी. असा रंग जंतुनाशक दिव्यांच्या पेटीत ठेवून किंवा गॅमा किरणांचा मारा करून आणतात. साधी, ढिगाने मिळणारी पांढरी बाटली आत जाते आणि ‘वेगळ्या रंगाची’ होऊन बाहेर येते.

गॅमा किरणांनी बाटली किरणोत्सारी होत नाही, त्यामुळे मापकावर काही सापडणार नाही. तापवल्यावर रंग उतरतो हे खरं, पण उन्हाचा जांभळाही उतरतो, म्हणजे त्यातून रंग कुणी आणला ते कळत नाही. शिवाय बाटली तडकायची भीती आहेच, तेव्हा हा प्रयोग करूच नये. पाहायचं ते एवढंच: उन्हाचा रंग हलका असतो, जाड तळाशी जास्त दिसतो आणि अर्धवट पुरलेल्या बाटलीत बहुधा एका बाजूलाच असतो. मँगनीज नसलेल्या काचेला गॅमा किरण दिले तर ती तपकिरी, धुरकट पडते. एरवी निळसर-हिरव्या मिळणाऱ्या बाटलीचा कुणी अचानक तपकिरी नमुना दाखवला, तर आधी किरणांचीच शंका घ्यावी. गडद जांभळ्यासाठी जास्तीचा पैसाही देऊ नये. ती बाटली पांढऱ्याच बाटलीच्या किमतीची.

ताटलीचं थोडक्यात. युरेनियम घातलेली काच दिव्याखाली भगभगीत हिरवी होते, म्हणून लोक टॉर्च घेऊन हिंडतात. पण मँगनीजची काचही हिरवी चमकते, जरा मंद, आणि दिवा जवळ नेल्यावरच. फोटोत मात्र कॅमेरा ती उजळून दाखवतो. त्यात युरेनियमची काच आजही बनते. चमक फार तर काचेत काय आहे ते सांगते, ती कधी बनली ते सांगत नाही.

वयाचा अंदाज येतो तो तळाच्या झिजेवरून, आणि इथे तीही मुद्दाम घासून केलेली होती. ताटली सपाट आरशावर ठेवा आणि टेकणाऱ्या जागा पाहा. खरी झीज फक्त तिथेच, उंचवट्यावर असते. दहापट भिंगाखाली ओरखडे लांब-आखूड, खोल-उथळ, वाटेल त्या दिशेचे दिसतात आणि त्यांचा मिळून पांढुरका पट्टा होतो. पॉलिश पेपरने केलेली झीज सारख्या जाडीच्या समांतर रेघांची असते आणि आरशाला न लागणाऱ्या खळग्यातही उतरलेली असते. घासणाऱ्याला आरसा लावून बघायचं सुचत नाही, हे आपलं नशीब.

आता पेला. फुंकलेली वस्तू तोंड घडवताना तळाशी सळईवर धरतात आणि सळई तोडली की व्रण राहतो. कारखान्यांच्या बाटल्यांवरून तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हळूहळू गेला, कारण बाटली कमरेला धरणारा चिमटा आला. म्हणून ‘व्रण आहे म्हणजे जुना’ असा हिशोब रूढ झाला. पण हाताने काच फुंकणारे कारागीर आजही सळईच वापरतात. व्रण एवढंच म्हणतो की वस्तू सळईवर धरली होती.

नादाचीही तीच कथा. शिसं असलेली काच दीर्घ वाजते, पण पातळ काठाचा साधा सोडा-चुन्याचा पेलाही छान वाजतो, आणि शिशाचा जाड पेला बद्द वाजू शकतो. कानावर विसंबू नका, वजन करा. ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पेला कोरडा तोला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि पेला दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आधी तिरपा करून आतली हवा जाऊ द्या. आता काट्यावर येणारा आकडा म्हणजे पेल्याचं घनफळ, मिलिलिटरमध्ये. कोरडं वजन भागिले हा आकडा. पेला ३१० ग्रॅम आणि काटा १२४ दाखवत असेल तर घनता २.५, म्हणजे साधी काच. शिशाच्या चांगल्या काचेला ३ च्या आसपास उत्तर येतं. दोष बहुतेक वेळा अडकलेल्या बुडबुड्याचा असतो. त्याने घनफळ वाढतं आणि घनता कमी दिसते. म्हणून तीनदा मोजा. डिंकाने जोडलेली किंवा रंगवलेली वस्तू मात्र बुडवू नका.

अमेरिकी दाबीव, म्हणजे साच्यात दाबून घडवलेल्या, काचेत ही घनता विशेष कामाची. विल्यम लेटन यांनी १८६४ मध्ये व्हीलिंग शहरातल्या कारखान्यात सोडा-चुन्याचं स्वस्त मिश्रण बसवलं आणि त्यानंतर दाबीव भांड्यांतून शिसं मागे पडत गेलं. १८४० च्या दशकातला शिशाचा पेला म्हणून जे विकलं जातं त्याची घनता २.५ भरली, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

बशीवर विक्रेत्याने कष्टच घेतले नव्हते. फेडरल ग्लास कंपनीने ‘मद्रिद’ ही नक्षी १९३० च्या दशकात काढली. १९७६ मध्ये तिनेच ‘रेकलेक्शन’ या नावाने ती पुन्हा आणली आणि साच्यात ७६ हा आकडा घातला. पुढे ते साचे इंडियाना ग्लासकडे गेले आणि आकडा काढून टाकला गेला. म्हणून बशीवर आकडा नाही याचा अर्थ ती १९३० च्या दशकातली आहे असा होत नाही. कारखाना बंद पडला तरी साचे मरत नाहीत, विकले जातात. कधी मूळ भांड्यावरूनच नवा साचा काढतात. तशा भांड्यावर नक्षीची टोकं बोथट असतात आणि माप थोडं लहान भरतं. खात्रीच्या नगाचा व्यास, उंची आणि वजन लिहून ठेवलेलं असेल तर बारीक माप घ्यायचा एक कॅलिपर पुरतो.

सगळ्यात मोठा घाव डिकँटरने घातला. फोटोत आरपार, खोक्यातूनही आरपारच निघालं. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन एक दिवस वाळवलं तेव्हा आतून दुधाळ धुकं उभं राहिलं. हा मळ नव्हे. वर्षानुवर्षं ओल राहिली की पाणी काचेतला क्षार ओढून घेतं, पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि त्यावर प्रकाश विखुरतो. आतून पातळ तेल फिरवलं की खड्डे भरतात आणि धुकं गायब होतं. नुसतं पाणी भरूनही तेच साधतं, म्हणून डिकँटरचा फोटो भरलेल्या अवस्थेतला असेल तर रिकाम्याचा मागावाच. व्हिनेगरने निघतो तो पाण्याचा चुना; व्हिनेगरने न गेलेलं धुकं म्हणजे काचच खाल्ली गेली आहे. उपाय एकच, तांब्याच्या तारेचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून फिरत्या नळकांड्यात घासणं. त्याने धुकं जातं, पण काचेचा थरही जातो. बाटली बाहेरून अशी घासली की उठावाची अक्षरं मऊ पडतात आणि अंगावर ओलसर, फार एकसारखी चकाकी येते.

बूच या डिकँटरचं नव्हतं. जुन्या डिकँटरच्या मानेवर आणि बुचाच्या दांड्यावर बसवणाऱ्याने कोरलेला आकडा अनेकदा सापडतो, आणि तो दोन्हीकडे एकच असायला हवा. इथे मानेवर ७ आणि बुचावर १२. आकडे नसतील तर बूच बसवून हलवा. घासून जुळवलेलं बूच डुगडुगत नाही.

असा माल दुरून घेताना फोटो मागायचे ते हे: तळ तिरक्या उजेडात, काठ डोळ्याच्या पातळीवर (घासून टवका काढलेला काठ तिथे खाली गेलेला दिसतो), वस्तू रिकामी आणि कोरडी, आणि सगळं अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली, कारण राळेने भरलेला टवका तिथे बहुधा वेगळ्या रंगाने उठून दिसतो. आणि एक सरळ प्रश्न लेखी विचारायचा: ‘ही वस्तू तुमच्या मते कोणत्या काळातली आहे, आणि तशी नसेल तर परत घ्याल का?’ उत्तरात पुन्हा रंग आणि नक्षीचंच वर्णन आलं, तर ते उत्तर नव्हे.

खोका आल्यावर उघडतानाचं चित्रण करावं आणि धुण्याआधी प्रत्येक नगाचे फोटो काढावेत. डिकँटरबाबत हे राहून गेलं होतं. तेल साबणाबरोबर वाहून गेलं आणि विक्रेत्याने लिहून पाठवलं की धुकं तुमच्या धुण्याने आलं.