चांगी विमानतळ : वर्षभराच्या ये-जा नंतर, मुख्यतः पाण्याबद्दल

लेक सिडनीला गेल्यापासून आमचं सिंगापूरमार्गे जाणं-येणं चालू आहे. तिथल्या चांगी विमानतळाला जोडलेल्या ज्वेल या मॉलमधला ४० मीटर उंचीचा धबधबा, विमानतळावरची फुलपाखरांची बाग, फुकट सिनेमा हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते पाण्याच्या बाटलीबद्दल.

मुंबईत एकदा तपासणी झाली की आत बाटली भरायची आणि ती थेट विमानात न्यायची. चांगीच्या टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये तपासणी होते गेटवर. म्हणजे आतल्या नळावर बाटली भरा नाहीतर दुकानातून विकत घ्या, १०० मिलिलिटरच्या वरचं पाणी गेटवर ओतूनच द्यायचं. पैसे मोजून घेतलेलं पाणी ओतायचं हे माझ्या जिवाला फार लागतं. शिवाय गेटच्या खोलीत शिरल्यावर दुकान नाही, बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहसुद्धा नाही. आमच्या हिला मधुमेह आहे. अशा माणसाला ही रचना जाचक आहे. २०१७ साली सुरू झालेल्या टर्मिनल ४ मध्ये तपासणी आधीच, एका ठिकाणी होते. तिथे हा प्रश्नच येत नाही.

तरी माझं मत आता बरंच बदललंय. गेटवर तपासणी असल्यामुळेच उतरणारे आणि निघणारे प्रवासी एकाच भागात वावरू शकतात. विमान बदलताना मध्येच तपासणीची मोठी रांग लागत नाही, उतरलं की माणूस मोकळा. गेटवरच्या रांगेतही फक्त आपल्याच विमानाची माणसं असतात. रात्रभराच्या प्रवासानंतर याची किंमत कळते.

एक फुकटची सोय सांगतो. ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, त्यामुळे सिंगापूरमध्ये प्रवेशाची परवानगी नसेल तर आत जाता येत नाही. पण टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन ज्वेलमधूनच जाते, तिकीट लागत नाही आणि डब्यातून धबधबा छान दिसतो. जमलं तर पुढे उभे राहा.

बाटलीचं म्हणाल तर रिकामी बाटली जवळ ठेवा. नळाचं पाणी तिथे बिनधास्त प्यावं असं आहे, ते गेटवर जायच्या आधी पोटभर प्या, स्वच्छतागृह उरकून घ्या आणि बाटली विमानात भरून मागा. पाचव्या टर्मिनलचं काम २०२५ मध्ये सुरू झालंय. तिथे प्रत्येक गेटच्या आत पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह असायलाच हवं.