एस्क्रो.कॉम: चालती अफिलिएट साइट विकत घेताना

ट्रेकिंगचे तंबू आणि सॅक यांचे रिव्ह्यू असलेली, अ‍ॅमेझॉनच्या कमिशनवर, म्हणजे वाचकाने लिंकवरून खरेदी केली की मिळणाऱ्या पैशांवर, चालणारी एक जुनी साइट मी नुकतीच विकत घेतली. विक्रेता पूर्ण अनोळखी. त्याला आधी पैसे हवेत, मला आधी साइट. म्हणून व्यवहार एस्क्रो.कॉममार्फत केला. १९९९ पासून चालत आलेली ही सेवा पैसे स्वतःकडे धरून ठेवते. साइट हातात आली, ठरलेल्या मुदतीत मी ती तपासली आणि होकार दिला, की मगच ते विक्रेत्याला मिळतात. हे काम ती चोख करते. आता कोणी काय करायचंय ते प्रत्येक टप्प्यावर स्पष्ट दिसतं, आणि शुल्कही आम्हाला निम्मं-निम्मं वाटून घेता आलं.

पण ती पैसे सांभाळते, साइट पारखून देत नाही. ते काम आपलंच. विक्रेत्याने मला वर्षभराच्या नफ्याची सरासरी दाखवली होती. मी सर्च कन्सोल, म्हणजे गूगल शोधातून साइटवर किती लोक येतात ते दाखवणारं गूगलचं साधन, बघायची परवानगी मागितली. तिथे १६ महिन्यांपर्यंतचा आलेख दिसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने शोधातला क्रम ठरवण्याची पद्धत बदलली, त्या अपडेटनंतर कितीतरी रिव्ह्यू साइट कोसळल्या, आणि अशी घसरण सरासरीत सहज दडते. किंमत महिन्याच्या नफ्याच्या पटीत ठरते, तेव्हा कोणते महिने धरलेत ते विचाराच.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो अटी लिहिण्यात. नुसतं 'वेबसाइट' लिहून भागत नाही. डोमेन, वर्डप्रेसच्या फायली, डेटाबेस, लेखांचे आणि फोटोंचे हक्क, ईमेल यादी, सोशल मीडियाची खाती, सगळं नाव घेऊन लिहिलं. अ‍ॅमेझॉन असोसिएट्सचं, म्हणजे कमिशन जमा होतं ते खातं मात्र साइटबरोबर मिळत नाही. स्वतःचं काढून प्रत्येक लिंकमधला टॅग, म्हणजे कमिशन कोणाचं ते सांगणारा कोड, बदलावा लागतो, आणि नव्या खात्यावर १८० दिवसांत किमान ३ पात्र विक्री झाल्या नाहीत तर ते बंद होतं.

म्हणूनच तपासणीची मुदत मी हट्टाने लांब ठरवून घेतली. कमिशन हाती यायला महिना संपल्यावर साधारण दोन महिने लागतात; तेवढं कुठलाच विक्रेता थांबणार नाही. पण आपल्या टॅगवर क्लिक आणि ऑर्डरी येतायत का, एवढं तरी दिसायलाच हवं. माझ्या रिपोर्टमध्ये तंबूंच्या ऑर्डरी दिसू लागल्या, तेव्हाच मी होकार कळवला.