हातात दोनच रात्री आहेत: हॅवलॉक की नील?

अंदमानच्या विमानाची तिकिटं निघाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एक-दोन रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये जाणार, कारण सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय मराठी माणूस अंदमानातून परत येत नाही, आणि येऊही नये. मग उरलेल्या दोन रात्री कुठल्या बेटावर काढायच्या? टूरवाले बहुतेक वेळा एक रात्र हॅवलॉक, एक रात्र नील असं पॅकेज हातात देतात. कागदावर ते छान दिसतं, दोन्ही बेटं 'झाली' असंही वाटतं. पण दोनच रात्री असतील तर एकच बेट धरा, असं मी प्रत्येकाला सांगते. कोणतं, ते पुढे पाहू. आधी दोन्ही का नकोत, तेवढं सांगते.

हॅवलॉक ते नील बोटीने साधारण पाऊण ते एक तास लागतो. पण त्या एका तासाच्या मागेपुढे काय काय येतं ते धरा. सकाळी उठून बॅगा भरायच्या, खोली सोडायची, सुटायच्या वेळेआधी तासभर जेट्टीवर हजर व्हायचं, सामान चढवायचं, पलीकडे उतरून रिक्षा शोधायची आणि नवी खोली दुपारी मिळेपर्यंत रिसेप्शनला बॅगा ठेवून बसायचं. अर्धा दिवस सहज जातो. आणि तिथला दिवस आपल्यापेक्षा लवकर मावळतो. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचंच आहे, पण अंदमान मुंबईच्या पूर्वेला जवळपास २० रेखांशांवर असल्यामुळे सूर्य आपल्याहून तास-सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. 'चार वाजता चहा घेऊन निघू' हा आपला नेहमीचा हिशेब तिथे चालत नाही. पहाटे पाचला उठणाऱ्याला मात्र ती बेटं भरभरून देतात.

नावांचा गोंधळ आधीच मिटवून टाका. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तिकिटावर नवी नावं, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी, असं दोन्ही चालतं. बुकिंग करताना चुकून दुसऱ्या बेटाचं तिकीट निघू नये म्हणून दोन्ही नावं लक्षात ठेवा. मी इथे बोलीतली जुनीच वापरते.

समुद्र कुठला चांगला?

राधानगरचा किनारा हॅवलॉकच्या पश्चिमेला आहे आणि त्याचं कौतुक अजिबात फुकाचं नाही. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ मध्ये तो आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवला होता, २०२० मध्ये त्याला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं ब्लू फ्लॅग मानांकनही मिळालं. पण मानांकनं बाजूला ठेवली तरी तिथे पाय टाकल्यावर जे दिसतं ते वेगळंच आहे. मागे उंचच्या उंच समुद्री महुआची झाडी, तिची सावली थेट वाळूपर्यंत येते. वाळू बारीक आणि पांढरी, दगड-प्रवाळ फारसे नाहीत, त्यामुळे अनवाणी चालत पाण्यात शिरता येतं. किनारा लांबलचक असल्याने शंभर-दोनशे माणसं असली तरी पाच मिनिटं चाललात की आपल्यापुरती जागा सापडते. साडेतीनपर्यंत पोहोचा म्हणजे पोहायला पुरेसं ऊन मिळेल आणि मग निवांत सूर्यास्त पाहता येईल. मात्र किनाऱ्याच्या टोकाला नील्स कोव्ह नावाची खाडी आहे, तिकडे पाण्यात उतरू नका. २०१० मध्ये तिथे मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक तरुणीचा जीव गेला. लाइफगार्ड आणि सूचनाफलक जिथवर सांगतात तिथवरच पोहायचं, यात वाद नको.

नीलवर राधानगरच्या तोडीचा किनारा नाही, हे आधीच मान्य करते. तिथली श्रीमंती वेगळी आहे आणि ती ओहोटीला उघडते. लक्ष्मणपूरच्या एका बाजूला खडकाची नैसर्गिक कमान आहे, स्थानिक लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. फोटो सगळे कमानीचेच काढतात, पण खरा खजिना तिच्या वाटेवर पायाखाली असतो. पाणी मागे हटलं की खडकांत गुडघाभर खोल डबकी उरतात. एका डबक्याशी उकिडवं बसून दोन मिनिटं हलू नका. आधी फक्त गढूळ वाळू दिसते. मग त्या वाळूतली काळी जाड दोरी म्हणजे समुद्रकाकडी नावाचा जीव आहे हे कळतं. खडकात रुतलेल्या मोठ्या शिंपल्याची निळी-जांभळी कड दिसते आणि आपली सावली तिच्यावर पडली की ती हळूच मिटते. बोटाएवढे मासे कोपऱ्यात दडून बसलेले असतात. सोबत स्थानिक वाटाड्या घ्या, त्याच्या नजरेला जे दिसतं ते आपल्याला एकट्याने दिसत नाही. मुलांना यापेक्षा चांगला विज्ञानाचा तास कुठे मिळणार नाही. फक्त काही उचलू नका, उलटंपालटं करू नका, आणि जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका.

याच बेटावर जेट्टीला लागूनच भरतपूरचा किनारा आहे. पाणी उथळ, शांत, फिकट हिरवं. काचेच्या तळाच्या बोटी, स्नॉर्केलिंग सगळं इथेच चालतं, पण त्याला भरती लागते. ओहोटीत पाणी इतकं आटतं की खडक उघडे पडतात. म्हणजे नीलवर दिवसाचं वेळापत्रक समुद्र ठरवतो: ओहोटीला लक्ष्मणपूर, भरतीला भरतपूर. पोर्ट ब्लेअरहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारी नीलची सहल मला पटत नाही ती याचसाठी. तुमचे मधले चार तास भरतीचे निघाले तर कमानीपर्यंत जाताच येत नाही, ओहोटीचे निघाले तर भरतपूर हातचं जातं.

कोकणातल्यांना भरतीचा हिशेब सवयीचा असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तो आकडा अंदमानात लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. पण त्यामागचं तत्त्व तिथेही तेच आहे. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सर्वात खोल जाते. नीलला जायचं पक्कं असेल तर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक नेटवर पाहा आणि उजेडात चांगली ओहोटी मिळेल अशा तारखा धरा. पंचांगातल्या अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं मागे जात नाही.

हॅवलॉकलाही भरती-ओहोटी एका बाबतीत नडते. हॉटेलं मुख्यतः पूर्वेच्या बाजूला आहेत, गोविंदनगर, विजयनगर या पट्ट्यात. 'बीचफ्रंट' म्हणून जास्त पैसे मोजाल, आणि ओहोटीला समोरचा समुद्र दूरवर गेलेला दिसेल. सूर्योदयासाठी ती बाजू सुंदर आहे, विशेषतः काला पत्थरपर्यंतचा रस्ता. पण खोलीतून उतरून दिवसभर पोहू या कल्पनेने पैसे भरू नका.

पाण्याखाली जायचं असेल तर

इथे तुलना एकतर्फी आहे. स्कूबासाठी हॅवलॉक. डाइव्ह सेंटर तिथे भरपूर, प्रशिक्षक अनुभवी, आणि निवड करायला वाव. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाचा हात धरून खाली जाता येतं. अशा पहिल्या डाइव्हची मर्यादा १२ मीटर असते, प्रत्यक्षात बरेचदा त्याहून कमी खोलीवरच सगळं होतं. वय किमान १० वर्षं लागतं. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, गरोदरपण यातलं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. दाबाच्या बाबतीत शरीर सवलत देत नाही.

स्नॉर्केलिंगसाठी हॅवलॉकवर एलिफंट बीच आहे. जेट्टीवरून बोटीने जाता येतं, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून सुमारे दोन किलोमीटर चालत. अंगात ताकद असेल आणि पाऊस नसेल तर चालतच जा. स्पीडबोट उसळत्या लाटांवर चांगलीच आपटते, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी. गर्दी मात्र सांभाळावी लागते. प्रवाळांनी तिथेही आणि एकूणच अंदमानात सोसलंय. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. जाहिरातीतले रंग जसेच्या तसे दिसतील ही अपेक्षा ठेवू नका. मासे मात्र भरपूर दिसतात.

नीलवरही डाइव्हिंग होतं, सेंटर कमी आहेत. तिथल्या समुद्री गवताच्या पट्ट्यात ड्युगाँग, म्हणजे समुद्रगाय, कधीमधी येते. ती अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी आहे. दिसलीच तर थोर भाग्य, पण तेवढ्या आशेवर बेट निवडण्यात अर्थ नाही.

सोबत कोण आहे?

माझ्या मते निर्णय इथेच होतो. आई-बाबा सत्तरीचे, किंवा पोर तीन-चार वर्षांचं असेल तर नील. बेट इतकं छोटं की जेट्टीपासून सीतापूरचं टोक जेमतेम पाच किलोमीटर. भरतपूर तर चालत गाठता येतं. रस्ता सपाट, दोन्ही बाजूला भातशेती, केळी, नारळ, सुपारी. अंदमानची बरीचशी भाजी इथूनच जाते. सायकल घेऊन दुपारी शेतांमधून चक्कर मारली की बेट कळतं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९५०-६० च्या दशकांत इथे आणि हॅवलॉकला जमिनी देऊन वसवलं गेलं, त्यामुळे मासळी-भात दोन्हीकडे घरच्यासारखा मिळतो आणि मोहरीचं तेलही. ज्येष्ठांना फक्त त्या कमानीच्या वाटेवर नेऊ नका. खडक टोकदार आणि शेवाळलेले असतात, ओहोटीतही घसरायला होतं. त्यांना भरतपूरच्या सावलीत बसवा, वेळ छान जातो.

हॅवलॉकला अंतरं लागतात. जेट्टीपासून राधानगर दहा-बारा किलोमीटरवर, रस्ता चढउताराचा. स्कूटर चालवता येत असेल तर काहीच प्रश्न नाही, परवाना बरोबर ठेवा, हेल्मेट घाला, अंधारात जपून चालवा. स्कूटर नको असेल तर रिक्षा किंवा गाडी, आणि परतीचं भाडं जातानाच ठरवायचं. संध्याकाळी सूर्यास्तानंतर सगळे एकदम निघतात, तेव्हा वाहन मिळवणं जिकिरीचं होतं.

दोघंच असाल, लग्नानंतरची पहिली ट्रिप असेल, तर हॅवलॉक. खाण्यापिण्याची ठिकाणं, साध्या झोपडीपासून पंचतारांकितपर्यंत राहायची सोय, कायाकिंग, सगळं हाताशी आहे. चंद्र नसलेल्या रात्री पाण्यात वल्हं मारलं की सूक्ष्म जीव निळसर चमकतात, तेही अनुभवता येतं. चार मित्र मिळून जात असाल तरी हॅवलॉकच.

शांतता हवी, पुस्तक वाचायचंय, संध्याकाळी कुठे जायचं हा प्रश्नच नको, असं असेल तर मात्र जोडप्यानेही बिनधास्त नील निवडावं. २०११ च्या जनगणनेत हॅवलॉकची वस्ती सहा हजारांवर होती, नीलची तीन हजारांच्या आसपास, आणि तो फरक आजही बाजारात उभं राहिलं की जाणवतो.

लॅपटॉप घेऊन जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चेन्नईहून अंदमानला येणारी समुद्राखालची ऑप्टिकल फायबर केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, तिच्या टप्प्यांत हॅवलॉक आहे, नील नाही. कामाचा फोन येणारच असेल तर हॅवलॉककडे झुका, आणि दोन्हीकडे थोडी रोकड खिशात ठेवाच.

जाणं-येणं

पोर्ट ब्लेअरहून दोन्ही बेटं जवळपास सारखीच दूर आहेत. खासगी कॅटामरान, म्हणजे वेगवान प्रवासी बोट, दीड तासाच्या आसपास घेते, सरकारी बोट दोन-अडीच तास. सरकारी तिकीट बरंच स्वस्त, पण मोसमात मिळवायला धडपड करावी लागते. बोट लागणाऱ्यांनी मधल्या किंवा मागच्या भागात, खालच्या मजल्यावर बसावं आणि मळमळीची गोळी सुटण्याआधी घ्यावी, सुटल्यावर नाही. जानेवारी ते एप्रिल समुद्र साधारण शांत आणि पाणी नितळ. मेच्या मध्यापासून पाऊस आणि वारा सुरू झाला की फेऱ्या रद्द होऊ शकतात, आणि यात दोन्ही बेटांची गत एकच.

म्हणून शेवटची रात्र बेटावर ठेवू नका. बेटाच्या दोन रात्री आधी, पोर्ट ब्लेअरची रात्र शेवटी, मग विमान. बोट एक दिवस हुकली तरी विमान हातात राहतं. सेल्युलर जेलही त्याच शेवटच्या दिवशी निवांत पाहता येतो. स्कूबा करणाऱ्यांना तर ही रात्र लागतेच: डाइव्ह आणि विमान यांत निदान १८ तासांचं अंतर हवं. आणि बॅग भरताना मुलांचे खिसे तपासा. प्रवाळ किंवा शंख नेणं बेकायदा आहे, विमानतळावर सामान तपासलं जातं आणि सापडलं तर काढून घेतात.